सात वाजताच्या बैठकीला मी येणार नाही

गोव्यातील सेवाभावी संस्था, मंडळे, क्लब आणि देवस्थानांच्या समाजकार्य समित्यांच्या पदाधिकाऱ्यांना खुले पत्र

माननीय अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि इतर पदाधिकारी,

सप्रेम नमस्कार.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माझ्या मोबाईलवर निरोप आला. ‘तातडीची बैठक. आज ठीक सात वाजता. महिला सदस्यांनी आवर्जून उपस्थित राहावे.’ तेव्हा मी स्कूटरवर फर्मागुडीचा चढ चढत होते, त्यामुळे वाचला घरी पोचल्यावर. कुकरची दुसरी शिट्टी झाली होती. दारात पोदेर, म्हणजे पाववाला, भोंपू वाजवत होता. धाकट्याची भागाकाराची वही ओट्यावर उघडी पडली होती आणि तिच्यावर कोकमाच्या आगळाचा एक लाल थेंब सांडला होता.

तरी आले. सात वीसला पोचले, तेव्हा तुमच्यापैकी चौघे होते. अध्यक्ष पावणेआठला आले. विषय होता वर्धापनदिनाला पाहुण्यांना द्यायच्या शालीचा रंग. साडेनऊला असे ठरले की ते पुढच्या बैठकीत ठरवू.

हे पत्र त्या एका संस्थेसाठी नाही. गेली अकरा वर्षे मी या ना त्या तीन संस्थांत आहे, आणि तिन्ही ठिकाणी घड्याळ हेच आहे. माझ्या मैत्रिणी डिचोलीत, म्हापशात, मडगावात अशाच संस्थांत आहेत, त्यांचीही तक्रार शब्दाशब्दाला जुळते. म्हणून सगळ्यांनाच एकदम लिहिते आहे.

माझ्याबद्दल थोडे सांगते. कुर्टीत राहते. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात चौदा वर्षे हिशेब बघते. पगारपत्रके, जीएसटी, ऑडिटवाल्यांची प्रश्नोत्तरे, सगळे माझ्या टेबलावरून जाते. नवरा वेर्ण्याला, शिफ्टची नोकरी. मुलगी नववीत, मुलगा चौथीत, सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या. तुमच्या यादीत मात्र माझ्या नावापुढे दोनच शब्द आहेत, ‘महिला विभाग’. महिला विभागाकडे काय असते ते तुम्हाला ठाऊक आहे. ओवाळणीचे ताट, रांगोळी, पाहुण्यांसाठी शिरा, आणि सगळ्यांनी एका रंगाच्या साड्या नेसून फोटोच्या डाव्या बाजूला उभे राहणे.

शिरा करायला माझी ना नाही. तीस ताटांचा करते, गुठळी होऊ देत नाही. पण दोन वर्षांपूर्वीची गोष्ट ऐका. आमच्यापैकी एका संस्थेला ८०-जीची मान्यता आहे, म्हणजे देणगी देणाऱ्याला आयकरात सवलत मिळते. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून अशा संस्थेला देणगीदारांचे विवरण फॉर्म १०बीडीमध्ये ३१ मेपर्यंत भरावे लागते. ते भरले की देणगीदाराचे प्रमाणपत्र निघते, नाहीतर बिचारा सवलत मागणार कशाच्या जोरावर? उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. आमचे विवरण ४६ दिवस उशिरा भरले गेले. खजिनदारांना हा फॉर्म असतो हेच माहीत नव्हते, आणि त्यात त्यांचा दोषही नाही, त्यांचे आयुष्य काजूच्या व्यापारात गेले. ४६ गुणिले २००, म्हणजे ९,२०० रुपये. ज्या खोलीत ही बातमी सांगितली गेली, तिच्या शेजारच्या खोलीत मी शिऱ्यावर बेदाणे पेरत होते. चौदा वर्षांत मी कारखान्याचे एकही विवरण चुकवलेले नाही. मला कोणी विचारले नाही, कारण विचारण्याची बैठक सात वाजता झाली होती आणि त्या दिवशी धाकट्याला ताप होता.

(जाता जाता आणखी एक. वर्धापनदिनाला स्टेजवर पाच हजार एक रुपये रोख देणाऱ्यांना तुम्ही माइकवरून ‘८०-जीची पावती मिळेल’ असे सांगता. पावती मिळेल, सवलत मिळणार नाही. रोख देणगी २,००० रुपयांच्या वर गेली की ती ८०-जीत धरत नाहीत. चेक मागा किंवा यूपीआय मागा.)

आता वह्यांचे सांगते, कारण हे पत्र लिहायचे मनात आले ते वह्यांमुळे.

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये सत्तरी तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत आपण वह्या वाटायला गेलो. चार गाड्या, एक बॅनर, स्टेजवर सात खुर्च्या. मुले तेवीस. बाहेर पाऊस असा की पत्र्यावर पडणाऱ्या सरींत भाषण ऐकू येत नव्हते, तरी पाच भाषणे झाली. पहिलीची एक पोर पहिल्या रांगेत बसली होती. केस चप्प तेल लावून विंचरलेले, पायात एका मापाने मोठी चप्पल. तिला दोनशे पानी सहा वह्या दिल्या. त्या तिच्या हातात मावेनात, म्हणून तिने हनुवटीने दाबून धरल्या. फोटोवाल्याने सांगितले, ‘मान वर कर.’ तिने मान वर केली आणि वह्या खाली पडल्या. वरची वही उघडली गेली. एकरेघी होती.

पहिली-दुसरीच्या मुलांना दुरेघी वही लागते. काना कुठवर, उकार कुठून, अक्षर किती उंच, हे दोन रेघांच्या मध्ये बसवायला शिकतात ती. एकरेघी दोनशे पानी वही म्हणजे तिच्यासाठी समुद्र. बाई वह्या गोळा करायला वाकल्या आणि माझ्या कानाजवळ हळू म्हणाल्या, ‘दुरेघी असत्या तर बरे झाले असते, ताई. आणि शंभर पानी. या दप्तरात मावत नाहीत.’ मी काय बोलणार? खरेदी कोणी केली, कुठे केली, मला माहीत नव्हते. ठराव सात वाजताच्या बैठकीत झाला होता.

त्या बैठकीत एक तरी आई असती, जिने त्या आठवड्यात आपल्या मुलाच्या वहीला खाकी कव्हर घातले आहे, तर तिने झोपेतही सांगितले असते. पहिलीला दुरेघी, गणिताला चौकटीची, इंग्रजीला चार रेघांची. हे ज्ञान मोठे नाही. पण ते ज्या डोक्यांत आहे ती डोकी सात वाजता तव्यासमोर असतात. आणि तो उशिराचा दंड आठवा, ९,२०० रुपये. तीस रुपयांची शंभर पानी दुरेघी वही धरली तर ३०६ वह्या येतात, वर वीस रुपये उरतात.

तुम्ही म्हणाल, मग सगळ्यांना सोयीची वेळ असते तरी कोणती? मी उलट विचारते. आपल्या गावांत धालो, बायकांची ती नाच-गाणी, होतात की नाही? पौष महिन्यात, रात्रीची जेवणे आटोपली, भांडी घासून झाली, मुले निजली की बायका मांडावर जमतात. पाच रात्री, सात रात्री, नऊ रात्री, जसा गावाचा शिरस्ता. थंडी असते, दुसऱ्या दिवशी काम असते, तरी जमतात. निमंत्रणपत्रिका नाही, तातडीचा निरोप नाही, अध्यक्षांची वाट पाहणे नाही. एवढ्या पिढ्या ते चालू आहे, कारण वेळ बायकांनी आपली आपण ठरवली आहे. म्हणजे बायकांना सवड नसते असे नाही. सवड असते, ती तुमच्या घड्याळात बसत नाही एवढेच.

मी शनिवारी दुपारी तीन ते साडेचार मोकळी असते. माझ्या ओळखीच्या निम्म्या तरी नोकरदार बायका त्या वेळी मोकळ्या असतात. शाळा सुटलेली, बऱ्याच ठिकाणी अर्धी सुटी, रात्रीचे जेवण अजून लांब. रविवारची सकाळ सुचवू नका. रविवारी सकाळी नुस्त्याचा, म्हणजे मासळीचा, बाजार असतो आणि मुलांची डोकी धुवायची असतात. मुलांना बरोबर आणू द्या. कोपऱ्यात एक चटई आणि रंगाच्या चार कांड्या पुरतात. आणि कृपा करून बैठक संपायची वेळ पत्रात लिहा. सुरू व्हायची वेळ तुम्ही पाळत नाही, निदान संपायची तरी पाळा.

रक्तदानाचे शिबिर हा माझा हळवा विषय आहे. माझ्या मुलीच्या जन्मावेळी मला बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, दोन पिशव्या रक्त चढवावे लागले होते. कोणाचे ते मला ठाऊक नाही, पण तेव्हापासून हे ऋण डोक्यावर आहे. एका शिबिराला मी कारखान्यातून अर्धी रजा टाकून गेले. हिमोग्लोबिन ११.८ निघाले. रक्त द्यायला निदान १२.५ ग्रॅम लागते, स्त्री असो की पुरुष. मला परत पाठवले ते योग्यच केले. पण मी खुर्चीवरून उठते तोच तुमच्यातले एक म्हणाले, ‘आता आलाच आहात तर नाश्त्याकडे बघा, वहिनी.’ माझी अर्ध्या दिवसाची रजा उपम्यात गेली. त्या दिवशी माझ्यासारख्याच आणखी सहा जणी परतल्या, मी मोजल्या. कोणी त्यांना सांगितले नाही की लोह किती घ्यायचे, पालेभाजी-नाचणी कशी खायची, परत कधी तपासायचे. शिबिराच्या दोन महिने आधी बायकांची हिमोग्लोबिन तपासणी ठेवली तर त्या सहातल्या तिघी पुढच्या वेळी टेबलावर झोपलेल्या दिसतील, आणि नाही दिसल्या तरी त्यांची तब्येत सुधारेल.

आणि तारखा. १५ ऑगस्टला शिबिर, २ ऑक्टोबरला शिबिर, १९ डिसेंबरला मुक्तिदिनाचे शिबिर, नेत्याच्या वाढदिवसाला शिबिर. गेल्या डिसेंबरात फोंडा तालुक्यात माझ्याच माहितीतली तीन शिबिरे एका रविवारी होती आणि तिन्ही मंडळे त्याच दात्यांना फोन करत होती. रक्ताची पिशवी साधारण ३५ दिवस टिकते, बिंबाणू, म्हणजे प्लेटलेट, पाचच दिवस. एकदा दिलेल्या पुरुषाला पुन्हा द्यायला तीन महिने थांबावे लागते, स्त्रीला चार. म्हणजे एका रविवारी सगळे दाते संपवले, तर पुढे कोणाला अपघात झाला, पावसात कोणाला डेंग्यू झाला, की शोधाशोध सुरू. तिन्ही मंडळांच्या सचिवांनी वर्षाच्या सुरुवातीला एक कॅलेंडर मध्ये ठेवून तासभर बसावे. त्या तासाला शाल-श्रीफळ लागणार नाही. मी चहा आणीन. हा चहा मी आनंदाने आणीन.

मार्च महिन्याबद्दल लिहू की नको असे झाले होते, पण लिहितेच. मोठ्या कंपन्यांचा सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, पैसा येतो. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे, ज्यांचा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, किंवा जे उलाढालीच्या वा नक्त मालमत्तेच्या मर्यादेत बसतात, त्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्चायचे असतात. चांगला कायदा आहे. पण तो पैसा ३१ मार्चच्या आत ‘संपवायचा’ म्हणून तुम्ही मार्चमध्ये एकामागून एक कार्यक्रम लावता. मार्चमध्ये मुलांची परीक्षा, माझे वर्षअखेरचे हिशेब, आणि बहुतेक वेळा शिगमोही त्याच दिवसांत. चालू प्रकल्प असेल तर उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढची तीन वर्षे खर्च करता येते, तशी तरतूद आहे. कंपनीच्या माणसाला एवढे एकदा विचारा. शिलाई मशीन मार्चमध्ये वाटले काय आणि जुलैमध्ये वाटले काय, बाईला ते चालवायला शिकवणारी जुलैमध्ये मिळेल.

फोटोंचा विषय मी एकदा बैठकीत काढला होता, तेव्हा ‘फोटोशिवाय देणगीदाराला काय दाखवणार?’ असे उत्तर मिळाले. अनाथ मुलांच्या एका गृहात आपण केक कापायला गेलो, मुलांचे चेहरे तासाभरात अडीचशे जणांच्या ग्रुपवर. बालन्याय कायदा २०१५ चे कलम ७४ संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असे नाव, शाळा, चित्र प्रसिद्ध करायला मनाई करते. शिक्षाही आहे. कायदा बाजूला ठेवा. तुमच्या नातवाचा असा फोटो, हातात कोणीतरी दिलेला केक, खाली ‘गरजू मुलांना आनंद’ असे लिहून आलेला, तुम्ही बघाल का? देणगीदाराला बिल दाखवा. बिले नीट लावून द्यायला मी आहे.

आता थोडे माझ्याकडचेही बोलते, नाहीतर सगळे बोट तुमच्याकडेच दाखवल्यासारखे होईल. तुमच्या गेल्या वर्षीच्या अहवालात बत्तिसाव्या पानावर माझे नाव आहे, ‘नोकरी व संसार सांभाळून समाजकार्य’. वाचून बरे वाटले, खोटे कशाला बोलू. मग रात्री हिशेब मांडला, सवयच आहे. ज्या सत्तावीस संध्याकाळी मी तुमच्याकडे होते, त्यांतल्या एकवीस संध्याकाळी माझ्या मुलाला जेवायला सासूबाईंनी वाढले, त्याचा अभ्यास त्यांनी घेतला, आणि एकदा त्याचा पुठ्ठ्याचा किल्ला रात्री अकरापर्यंत भाताची खळ लावून त्यांनीच उभा केला. त्यांच्या गुडघ्यांना ते झेपत नाही. म्हणजे समाजकार्य त्यांचे, नाव माझे. उरलेल्या सहा संध्याकाळी नवऱ्याची सकाळची शिफ्ट होती, म्हणून तो घरी होता. तो ‘मदत करतो’ असे आमच्याकडे सगळे म्हणतात. स्वतःच्या घरात तो मदत करतो, आणि परक्याच्या शाळेत मी सेवा करते. शब्द कोणाला कुठे चिकटतात त्याची मला गंमत वाटते.

केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाने २०२४ साली माणसे दिवसाचा वेळ कशी घालवतात याचे सर्वेक्षण केले. त्यानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्या कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, पुरुषांचे ८८. तुम्ही ज्या अडीच तासांत शालीचा रंग ठरवला नाही, ते १५० मिनिटे होते. माझ्या घरात ते माझ्याऐवजी एकाहत्तर वर्षांच्या बाईने भरले. मला संस्था सोडायची नाही. पण त्यांचे १५० मिनिटे घ्यायचे असतील तर त्यांत काहीतरी झाले पाहिजे. मी त्यांना घरी जाऊन काय सांगू, आई, मरून की मोरपंखी ते ठरत नाही?

काम मागते आहे, मान नको. मला दोन तासांचे काम द्या, सुरुवात आणि शेवट असलेले. शाळेला फोन करून कोणत्या इयत्तेत किती मुले आणि कोणाला काय हवे ते विचारणे. दात्यांची यादी रक्तगटानुसार लावणे. वर्षाची विवरणे भरणे. यातले बरेचसे मी रात्री साडेदहानंतर, घर निजल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर करू शकते. धालोची वेळ, समजा. आणि येत्या निवडणुकीत खजिनदाराच्या पदासाठी माझा अर्ज आहे, हे इथेच जाहीर करते. ‘महिला विभागाची उमेदवार’ असे मला कोणी म्हणू नये. माझे नाव सुचवणारे कोण ते अर्जावर लिहिले आहे, ते आपले काजूवाले खजिनदारच आहेत. त्यांना मी फॉर्म १०बीडीचे सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘बाय, हे तू दोन वर्षांपूर्वी का नाही बोललीस?’ मी म्हटले, ‘भाऊ, मी शिरा करत होते.’ ते खूप हसले, आणि मग हसायचे थांबले.

हे लिहीत असतानाच निरोप आला आहे की पुढची बैठक शुक्रवारी सात वाजता आहे. मी येणार नाही. शनिवारी तीनला ठेवलीत तर गेल्या तीन वर्षांची व्हाउचरे घेऊन येईन, धाकटाही असेल, तो चटईवर बसून चित्रे काढील. सत्तरीच्या त्या शाळेत मी काल फोन केला. बाई तिथेच आहेत. ती हनुवटीवाली पोर आता चौथीत जाईल. येत्या वर्षी पहिलीला नऊ मुले, दुसरीला सात. दुरेघी, शंभर पानी, प्रत्येकी चार. पैसे आम्ही पाच जणींनी जमवले आहेत, चेकने. बॅनर लागणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
‘महिला विभाग’,
कुर्टी, फोंडा